झुंबरचे काका

आमच्या वरच्या मजल्यावर रंगनाथ जिवरग नावाचे एक गृहस्थ राहतात. गेली कित्येक वर्षं ते एका मुलाचे फोन घेतात, त्याला आलेले निरोप लक्षात ठेवतात आणि तो आत्ता घरी का नाही याची कारणं सांगतात. हा मुलगा कधी जन्मालाच आलेला नाही.

मुलाचं नाव झुंबर. वय पंधरा. मी या बिल्डिंगमध्ये राहायला आले तेव्हाही पंधराच होतं. फोन वाजला की जिवरग सर आधी टीव्हीचा आवाज बंद करतात, खुर्चीत नीट बसतात आणि बोलायला लागतात. "हां, बोल बाळा. झुंबर का? आत्ताच गेला बघ दळण घेऊन. गिरणीवर लई गर्दी हाय आज." हे सांगताना त्यांचा चेहरा इतका गंभीर असतो की गिरणीवरची गर्दी ते नुकतीच बघून आलेत असं वाटावं.

मी खालच्या मजल्यावर नववी-दहावीच्या गणिताचे क्लास घेते. उत्तर एक तर बरोबर असतं नाही तर चूक, या शिस्तीत माझी उमर गेली. त्यामुळे हा प्रकार मला पहिल्या दिवसापासून खटकला आणि मी तसं त्यांना स्पष्ट सांगितलंही. आमचं कधी पटलं नाही, पण चहा रोज एकत्र होत राहिला. मध्यंतरी असे काही दिवस आले होते की सरांबद्दल हसून काही लिहिता येईल असं मला वाटलं नव्हतं. ते दिवस सरले, म्हणून हे लिहायला बसले आहे.

सर म्हणतात खरे, पण ते शिक्षक नव्हते. आपल्याकडे माणसानं पुस्तक लिहिलं की तो आपोआप सर होतो. नोकरी त्यांनी केली एसटीत, वाहतूक नियंत्रक म्हणून. कन्नड, सिल्लोड, खुलताबाद असं करत शेवटी इथल्या मोठ्या स्थानकावर. चौकशीच्या खिडकीमागे बसायचं आणि माईकवरून गाड्या पुकारायच्या. गाव पिशोर. तिथं एक थोरली बहीण आहे, ती गुडघ्यांमुळे घराबाहेर पडत नाही. लग्न केलं नाही. का केलं नाही असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ड्युटी रोटेशनची व्हती ना." त्यावर पुढं काय विचारणार?

त्या खिडकीसमोर शाळा-कॉलेजची पोरं गाडीची वाट बघत उभी असायची. त्यांच्या हातात पास आणि गाईड यापलीकडे वाचायला काही नसतं, हे सरांच्या लक्षात आलं आणि त्यांनी थेट कादंबरी लिहायला घेतली. पहिलं पुस्तक, 'झुंबर आणि हरवलेला ट्रॅक्टर'. पिशोरकडचा एक पंधरा वर्षांचा पोरगा गावात हरवलेल्या वस्तू शोधून देतो, अशी ती गोष्ट. तिसऱ्या प्रकरणात तो बसथांब्याच्या भिंतीवर कागद चिकटवतो: 'कोणतीही हरवलेली वस्तू शोधून मिळेल. जनावरं सोडून.' खाली मोबाइल नंबर.

आणि तो नंबर सरांनी स्वतःचा टाकला.

"अहो, पण का?" मी कपाळाला हात लावून विचारलं होतं.

"मनानं दहा आकडे लिहिले आसते तर ते कुणाचे तरी निघाले आसते ना ताई. उगंच कुणा गरिबाच्या डोक्याला ताप. म्हून माझाच टाकला."

"मग तुम्हाला फोन येतील असं नाही वाटलं?"

"मराठी पुस्तक वाचून फोन कोण करतंय?" सर म्हणाले.

पुस्तक आलं. पाच-सहा महिने त्यांचा अंदाज बरोबर निघाला. मग एका दुपारी, सर भाकरी थापत असताना, फोन वाजला. पलीकडे एक चिरका आवाज. "झुंबर हाय का? आमची सायकल हरवलीय." त्या क्षणी कोणत्याही शहाण्या माणसानं 'बाळ, ती गोष्ट आहे' असं सांगून फोन ठेवला असता. सरांच्या हाताला पीठ होतं, फोन खांद्यात धरलेला, आणि तोंडातून निघालं, "तो बाहेर गेलाय. मी त्याचा काका. कोणत्या रंगाची सायकल?"

तिथून जे सुरू झालं ते थांबलं नाही. पुढं नऊ कादंबऱ्या झाल्या. फोन वाढले. सरांनी मोबाइल तीन बदलले, नंबर मात्र तोच.

त्यांची लिहिण्याची तऱ्हाही बघण्यासारखी आहे. संध्याकाळी माझा क्लास सुटायच्या वेळेला ते जिन्यात येऊन बसतात. मांडीवर मेथीची जुडी. मला आधी वाटलं, वर उकडतं म्हणून येत असतील. मग कळलं की हा त्यांचा अभ्यास आहे. त्यांचा सिद्धान्त असा की पोरं घरात खोटं बोलतात, वर्गात गप्प बसतात, आणि चपला घालताना खरं बोलतात. "ते दोन मिन्टं लई मोलाचे ताई. एका पायात चप्पल आन् दुसरी हुडकताना जे तोंडातून निघतंय ना, ते अस्सल." मेथी निवडत ते ऐकतात आणि वर जाऊन लिहितात. माझ्या मुलांनाही ते माहीत आहे. एकदा एक मुलगी बूट घालता घालता मैत्रिणीला म्हणाली, "हळू बोल, नाही तर पुस्तकात जाशील." सरांनी तेही पुस्तकात घातलं.

त्यांचं दुसरं एक पालुपद आहे, "गोष्टीला घाम आला पाहिजे." झुंबर डोंगर चढला तर सरांना तो आधी स्वतः चढावा लागतो. झुंबरनं पाठीवर लसणाचं पोतं नेलं, तर खुलताबादच्या चढावर एक पासष्ट वर्षांचा माणूस पोतं घेऊन चाललेला दिसतो आणि लोक गाड्या थांबवून विचारतात, "चाचा, छोडू क्या आगे?" यावर ते म्हणतात, "नको, मी झुंबर हाय." लोक गाडी जरा वेगानं पुढं काढतात.

एकदा कादंबरीत झुंबरला अंधाऱ्या खोलीत कोंडायचं होतं. सरांनी वॉचमनला पटवून स्वतःला बिल्डिंगच्या पंपाच्या खोलीत बाहेरून कडी लावून घेतली. तासाभरानं उघड, असं ठरलं होतं. वॉचमनची पाळी बदलली आणि नव्या वॉचमनला हे सांगायचं जुना विसरला. दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, तर खालून आवाज आला. घाबरलेला नाही, ओरडणारा नाही. स्पष्ट, संथ, माईकवरचा आवाज. "कृपया लक्ष द्या. पंपाच्या खोलीत एक इसम अडकलेला आहे. संबंधितांनी तातडीनं कडी काढावी." मी धावत जाऊन कडी काढली. सर घामानं निथळत बाहेर आले आणि खूश होऊन म्हणाले, "ताई, पुस्तकात सगळे चुकीचं लिहितात बघा. अंधारात डोळ्यापुढं भूत येत नाय. पायाला मुंग्या येतात." मी त्यांना पाणी दिलं आणि चार शब्द सुनावले. मुंग्यांवर पुढं एक पूर्ण पान आलं.

त्यांना कुणी बालसाहित्यिक म्हटलेलं मात्र खपत नाही. एका शाळेत पाहुणे म्हणून गेले होते, मीही सोबत होते. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी 'आपले लाडके बालसाहित्यिक' अशी ओळख करून दिली. सर उठले, हार गळ्यात तसाच, आणि भाषणाचा सगळा वेळ एवढंच सांगत राहिले की बाल वेगळं, किशोर वेगळं. "बालाला परी लागते. किशोराला दाराला आतून कडी लागते." मागच्या बाकांवरच्या पोरांनी टाळ्या वाजवून छत डोक्यावर घेतलं. मुख्याध्यापकांनी आभार फार थोडक्यात मानले.

त्यांच्या प्रकाशकाची मला कीव येते. मध्यंतरी त्यानं फोनवर सांगितलं, सर, काळ बदललाय, आता या वयाच्या वाचकांना थोडं प्रेम हवं असतं. सरांनी मनावर घेतलं. महिनाभर दार लावून बसले. मग प्रकरण तयार झालं आणि मला वाचून दाखवलं. त्यात झुंबर परीक्षेच्या आदल्या दिवशी वर्गातल्या एका मुलीला स्वतःच्या कंपासपेटीतलं करकटक देतो. प्रकरण संपलं.

"प्रकाशक विचारतोय, यात प्रेम कुठंय?" सर दुखावलेले होते. "तुम्ही सांगा ताई, तुम्ही गणितवाल्या. भूमितीच्या पेपरच्या आदल्या दिवशी कुणी करकटक देतं का? जीव देतील पोरं, करकटक नाय देत."

हे मात्र मला मान्य करावं लागलं. ते प्रकरण तसंच छापलं गेलं, आणि त्यानंतर फोनवर मुलींचं प्रमाण वाढलं.

याच प्रकाशकानं नव्या आवृत्तीत तो नंबर काढून तिथं दहा फुल्या छापूया असंही सुचवून पाहिलं होतं. मी म्हटलं, अखेर कुणीतरी शहाणपणाचं बोललं. सर दोन दिवस जेवले नाहीत. "फुल्या टाकल्यावर झुंबरला कामं मिळतील का? कोण विचारील त्याला?" त्या दिवशी मी जरा चिडूनच म्हणाले, "सर, मुलांना फसवताय तुम्ही. नाही तो मुलगा. नाही म्हणून सांगून टाका ना एकदाचं."

त्यांना राग आला नाही. ते म्हणाले, "ताई, मी उभी नोकरी खिडकीत काढली. पिशोरची गाडी लेट आसली की लोकं येऊन इचारायची, येईल का? मला ठाऊक आसायचं की ती कन्नडला बंद पडलीय. पन मान्सं थैली घेऊन उभी आसतात ना, तवर 'येणार नाय' आसं म्हणायचं नसतं. 'निघालीय' म्हणायचं. तेवढ्यात दुसरी गाडी सोडायची सोय करता येते."

गणितात हे बसत नाही. मी विषय सोडून दिला.

गणपती झाले आणि सरांचा आवाज बसला. आधी आम्ही सगळ्यांनीच चेष्टा केली. माझ्या क्लासची मुलं म्हणाली, सरांचा आवाज फुटतोय, आता सर खरंच पंधरा वर्षांचे झाले. सर हळद-दूध प्यायले, ज्येष्ठमध चघळला, मिठाच्या गुळण्या केल्या. दिवाळी आली तरी आवाज घोगराच. मी म्हणाले, डॉक्टरला दाखवा. ते म्हणाले, "किरकोळ हाय." मी पुन्हा म्हणाले. ते पुन्हा म्हणाले, "किरकोळ हाय." शेवटी मी रिक्षा बोलावून खाली उभी केली आणि वर जाऊन सांगितलं की मीटर चालू आहे. मीटर चालू आहे म्हटल्यावर ते लगेच खाली आले.

डॉक्टरांनी नळी घालून घसा बघितला. स्वरतंतूवर गाठ होती. "तंबाखू?" त्यांनी विचारलं. सरांनी मान हलवली. "सिगरेट? कभी तो पी होगी?" तेही नाही. "मग बोलणं फार आहे का?" यावर मला हसू आलं, आणि डॉक्टर हसत नाहीत हे बघून ते तिथंच थांबलं. गाठ काढावी लागेल, तपासायला पाठवावी लागेल, मग कळेल ती कसली आहे ते. ते 'कसली' हा शब्द वापरत होते, दुसरा शब्द वापरत नव्हते. आम्हा दोघांनाही तो दुसरा शब्द ऐकू आला.

परत येताना रिक्षात मी विचारलं, "सर, घाबरला नाहीत ना?"

"छ्या. किरकोळ हाय," ते म्हणाले आणि बाहेर बघत बसले.

ऑपरेशन होऊन गाठ निघाली. रिपोर्टला आठ-दहा दिवस लागणार होते आणि तेवढे दिवस पूर्ण मौन, कुजबूजसुद्धा नाही, असा हुकूम झाला. सरांनी कुठूनशी एक पाटी पैदा केली आणि दवाखान्याच्या खाटेवर बसल्या बसल्या तिच्यावर पहिलं वाक्य लिहिलं: 'फोनचं काय?'

"बंद ठेवा," मी म्हणाले.

त्यांनी जोरजोरात मान हलवली, फोन काढला आणि माझ्या हातात दिला. मी तो परत त्यांच्या उशाशी ठेवला. त्यांनी तो परत माझ्या पर्समध्ये टाकला. "हे बघा," मी म्हणाले, "मी मुलांशी खोटं बोलणार नाही."

त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं: 'खोटं नका बोलू. फक्त नाही म्हणू नका.'

आजारी माणसाशी किती भांडणार? मी फोन घेऊन आले.

पहिला फोन करमाडहून. "झुंबर हाय का?"

मी तयारी केली होती, पण ऐन वेळी दळण, गिरणी काहीच आठवेना. "तो... क्लासला गेलाय."

"कसल्या क्लासला?"

"गणिताच्या."

पलीकडून एकदम खचलेला आवाज. "झुंबर गणिताच्या क्लासला जातो?"

"हो. त्याची भूमिती कच्ची आहे."

"आरं देवा," पोरगा म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

खोटं एकदा सुरू झालं की ते सुबकपणे पुढं न्यावं लागतं, हे मला दोन दिवसांत कळलं. एकाला मी सांगितलं की झुंबर वर्गसमीकरणं सोडवतोय, आता उठणार नाही. एका मुलीला सांगितलं की त्याला सराव परीक्षेत पासष्ट पडले. ती म्हणाली, माझ्यापेक्षा जास्त? आणि अभ्यासाला बसते म्हणाली. मला हा धंदा आवडायला लागला. इतकी वर्षं घसा कोरडा करून जे साधलं नव्हतं ते झुंबर न बोलता करत होता. हे सगळं मी वर जाऊन सरांना सांगायची. ते हताशपणे पाटीवर लिहायचे: 'झुंबरला गणित आवडत नाय!!' मी म्हणायची, आता आवडतं. ते खडू आपटायचे.

एक गोष्ट मला विचित्र वाटायची, पण मी तिच्यावर थांबले नव्हते. काही आवाज फारच घोगरे होते. एकाच्या मागं लहान मूल रडत होतं आणि तो त्याला "थांब बेटा, बोलतोय ना" म्हणत होता. एक जण ट्रक चालवत असावा, मध्येच हॉर्न वाजायचा. हेसुद्धा विचारायचे, झुंबर आहे का. मी म्हणायची, क्लासला गेलाय. ते जरा थांबायचे, "बरं, बरं," म्हणायचे आणि ठेवून द्यायचे.

रिपोर्ट यायच्या आदल्या दुपारी फोन आला. मुलीचा आवाज, खुलताबादहून. "झुंबर आहे का?"

"तो क्लासला गेलाय," मी सराईतपणे म्हणाले.

"आपण कोण बोलताय? काका कुठे आहेत?"

"मी शेजारी. काका जरा... बोला ना, काय निरोप आहे?"

"काका बरे आहेत ना? देखिए, मुझसे छुपाइए मत." आवाज एकदम कापायला लागला. "मी शबाना. मी परवाही केला होता, तुम्ही उचलला, मी घाबरून ठेवून दिला. त्यांच्या घशाचं काय झालं?"

मी चमकले. घशाचं या मुलीला कसं माहीत? मी सरांच्या पिशोरच्या बहिणीलाही फक्त 'बारीक ऑपरेशन' एवढंच सांगितलं होतं. मी शबानालाच उलट विचारलं.

"त्यांनीच सांगितलं की. म्हणजे, झुंबरचं सांगितलं. दसऱ्याच्या वेळेपासून म्हणत होते, झुंबरचा घसा बसलाय, बरा होत नाय. मग म्हणाले, झुंबरला दवाखान्यात जायची भीती वाटते, पण शेजारच्या ताई लई चांगल्या आहेत, त्या नेतील."

मी स्वयंपाकघरात होते. हातातली पळी खाली ठेवली आणि स्टुलावर बसले.

"शबाना, तू कितवीत आहेस?"

ती त्या अवस्थेतही हसली. "मी नर्सिंग केलंय, आपा. माझं लग्न झालं, मुलगी आहे. सातवीत असताना पहिला फोन केला होता. आमची बकरी हरवली होती. काका म्हणाले, जनावरं सोडून."

"मग तुला कधी कळलं? झुंबर नाही म्हणून?"

"आठवीत. आठवीतल्या पोरीला कळत नाही का?"

"तरी तू अजून 'झुंबर आहे का' म्हणून विचारतेस?"

"तसंच सुरू करावं लागतं ना," ती समजावून सांगितल्यासारखं म्हणाली. "मी एकदा सरळ विचारलं होतं, काका, तुम्ही कसे आहात? तर 'मजेत' म्हणाले आणि ठेवून दिला. झुंबरचं विचारलं की अर्धा-अर्धा तास बोलतात. झुंबर आज जेवला नाय, कंटाळा आला म्हणाला. झुंबरला ईदला बोलावलं कुणी तर तो येईल. सगळं सांगतात. माझी दहावी हुकली तेव्हा मी घरात कुणाला बोलू शकत नव्हते. काका म्हणाले, झुंबरही राहिलाय, दोघं ऑक्टोबरला बसा. त्या वेळी त्यांनी मला सांभाळलं. आता मी फोन करते. मी एकटीच करत असेन असंही मला वाटत नाही."

मला त्या ट्रकवाल्याचा हॉर्न आठवला. ते रडणारं मूलही आठवलं.

माझ्या डोक्यात इतकी वर्षं पक्कं बसलं होतं की हा एक म्हातारा भाबड्या पोरांना बनवतोय. पोरं केव्हाच मोठी झाली होती. ती या माणसाला त्याच्या भाषेत विचारत होती, बरा आहेस ना. आणि मी, रोज त्यांच्यासमोर बसून चहा पिणारी, 'घाबरला नाहीत ना' असं विचारून 'किरकोळ हाय' हे उत्तर घेऊन घरी येत होते. मला वाईट वाटलं. थोडा मत्सरही वाटला, खोटं कशाला बोलू?

"रिपोर्ट उद्या येणार आहे," मी शबानाला म्हणाले. "आला की तुला आधी कळवते."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं डॉक्टरांच्या केबिनबाहेर बसलो होतो. सरांच्या मांडीवर पाटी होती, पण त्यांनी सकाळपासून तिच्यावर काही लिहिलं नव्हतं. आत बोलावलं. डॉक्टरांनी कागद वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "कुछ नहीं है. साधी गाठ होती. फार बोलणाऱ्यांना होते, गाणाऱ्यांना होते. आता हळूहळू बोला. जास्त नाही."

इतके दिवस मी ताठ उभी होते ती कशाच्या आधारावर, ते मला अजून कळलेलं नाही. बाहेर येऊन बाकावर बसले आणि चारचौघांत रडले. सर बावरून आजूबाजूला बघत होते. मग त्यांनी पाटीवर लिहून माझ्यासमोर धरलं: 'साधी आहे म्हणाले ना?' मी हो म्हटलं. त्यांनी ते पुसलं आणि परत लिहिलं: 'नक्की ना?' मी म्हटलं, नक्की, अहो नक्की. येताना त्यांनी बस स्थानकाजवळ रिक्षा थांबवायला लावून पावशेर जिलबी घेतली आणि दवाखान्याची फाईल तिच्या तुपानं भिजवली.

संध्याकाळी शबानाला फोन केला. "अल्हम्दुलिल्लाह," ती म्हणाली आणि तीही रडली. मग नाक ओढत म्हणाली, "आपा, मी चार दिवसांनी फोन करीन. मला काही माहीत नाही असंच दाखवा हां. झुंबरच्या घशाचं मी नव्यानं विचारीन." मी म्हटलं, ठीक आहे. या कटात मीही सामील झाले होते.

चार दिवसांनी मी फोन परत द्यायला वर गेले. सरांचा आवाज परत आला होता, पण बारीक, जरा पातळ. डॉक्टरांनी थोडंच बोलायला सांगितलं होतं आणि ते थोडं त्यांनी सगळं माझ्यावर खर्च केलं. "पासष्ट? ताई, पासष्ट? पोराची वाट लावली तुम्ही. आता पुढल्या पुस्तकात त्याला नापास कसा करू?" मी म्हटलं, करू नका, तो आता माझा विद्यार्थी आहे. चहा झाला. खिडकीतून ऊन आत आलं होतं.

मग मी विचारलं, "सर, त्या दिवसांत तुम्हाला भीती वाटली होती का हो?"

"छ्या," ते म्हणाले. "किरकोळ तर व्हतं."

"आणि झुंबरला?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत मी त्यांच्याकडे त्या मुलाची चौकशी पहिल्यांदा करत होते. कपबशी त्यांनी हळूच खाली ठेवली.

"तो लई भ्याला व्हता ताई," ते म्हणाले. "त्याला वाटलं, आवाज गेला तर आपलं कोण राहिलं? कुणाला हाक मारायची? जेवन जाईना त्याला. एक-दोनदा तर जिना उतरून तुमच्या दारापर्यंत आला. क्लास चालू व्हता. म्हणला, आत पोरं शिकत्यात, उगंच कशाला. आन् परत वर गेला."

मी म्हटलं, "त्याला सांगा, क्लास चालू असला तरी दार वाजवायचं."

"सांगतो," सर म्हणाले. थोड्या वेळानं परत म्हणाले, "सांगतो. ऐकंल तो."